हाताचा गुण

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. औषध कातडीतून किती आत जातं, ते मोजायचं हे त्यांचं काम. खाटकाकडून आणलेली डुकराच्या कानाची कातडी काचेच्या भांड्याच्या तोंडावर ताणून बसवायची, वर मलम लावायचं आणि खालच्या पाण्यात औषध किती उतरलं ते बघायचं. एरवी मावशींना सगळी मलमं सारखीच. या नव्या मलमाने मात्र त्यांना वेड लावलं होतं. यात दुखणं थांबवणारं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलं होतं, कातडीला पत्ता लागू न देता आत शिरावं म्हणून. घरी थोरल्या ताईचे गुडघे कामातून गेले होते आणि गोळी घेतली की तिच्या पोटात आग पडायची. पोटाला वळसा घालून जाणारं औषध मावशींना हवंच होतं.

गंमत म्हणजे मावशींनी लावलेलं मलम छान उतरायचं आणि साहेबांनी लावलेलं वरच बसून राहायचं. मावशींच्या हाताला गुण आहे, असं म्हणून सगळे हसायचे. मावशी वरवर उडवून लावायच्या, पण मनातून सुखावायच्या.

एकदा साहेब शेजारीच येऊन उभे राहिले. मावशींनी कातडीवर मलम ठेवलं आणि हातमोज्यातल्या अंगठ्याने ते गोल गोल चोळायला लागल्या. मलम नुसतं पसरायचं, चोळायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. अंगठ्याला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. रोज ताईचे गुडघे चोळणारा अंगठा तो.

सगळे आकडे बाद झाले. काचेच्या कांडीने पसरून मावशींनीच पुन्हा सगळं केलं. मलम ढिम्म वरच. साहेब रागावले नाहीत. कण पुन्हा पहिल्यापासून करून बघू म्हणाले, म्हणजे आणखी काही वर्षं. त्यापेक्षा ते रागावले असते तर मावशींना परवडलं असतं. त्यांना फार वाईट वाटलं.

तुझं ते मलम कधी येतंय, हा ताईचा रोजचा प्रश्न घरी तयारच होता. मावशींनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"मलम आपणहून जात नव्हतं गं ताई. मी चोळत होते म्हणून जात होतं."

ताईने उशाची जुनी, चेपलेली ट्यूब पुढे केली आणि पाय लांब केला.

"मग चोळ की."