मामा आणि कस्टमची पावती

कर भरताना ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच सापडेल, आणि ते म्हणजे पालमला राहणारे माझे मामा. उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. प्रवासी असो, कोंबडी असो की तुरीचं पोतं, तिकिटाशिवाय काही हलता कामा नये, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर तो धर्म पाळायला जागाच उरली नव्हती. मग मुलगी जर्मनीला गेली, तिची पार्सलं येऊ लागली, आणि त्यांवर कस्टमचा कर लागतो हे कळताच मामांना पुन्हा ड्युटीवर घेतल्यासारखं झालं.

पार्सल येणार त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसत. पोस्टमनला आधी पाणी, मग चहा, मग कराचे सुटे पैसे. आणि पावती हातात पडली की ती समोरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी वाचायची. एकदा गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा आला. त्यावरचा कर ऐकून मामी म्हणाली, "एवढ्यात तर इथं दोन पट्टे आले असते." मामा म्हणाले, "इतक्या लांबून आलाय बिचारा. त्याला फुकट कसं बसवून आणावं?" पार्सलवर किंमत कमी लिहू का, असं मुलीनं एकदा फोनवर विचारलं. "तुझं अर्धं तिकीट कवाच संपलंय, बाई," एवढं बोलून त्यांनी फोन मामीकडे दिला.

या ख्यातीमुळेच पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका एका दुपारी मामांकडे आल्या. एकट्याच राहायच्या. फोनवर ओळख झालेल्या परदेशातल्या एका डॉक्टरनं त्यांना भेट पाठवली होती आणि ती म्हणे दिल्लीला कस्टममध्ये अडकली होती. तिथल्या कुणा साहेबाचा सारखा फोन येत होता. आज कर भरला नाही तर पोलीस केस. बाई बँकेत निघाल्या होत्या, जाता जाता रीत विचारायला थांबल्या.

"पैसे कुणाच्या खात्यात भरायलाव?" मामांनी विचारलं. बाईंनी एका माणसाचं नाव सांगितलं. तेवढ्यात साहेबाचाच फोन आला. मामांनी तो मागून घेतला आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले, "साब, पैले पार्सल लाव, पावती फाडो, फिर पैसा लेव." पलीकडून दमदाटी सुरू झाली. मामांनी पावतीवर शिक्का कुठला, सही कुणाची, वस्तू कोणती, तिचा दर काय, एकेक विचारायला घेतलं. शेवटी साहेबानंच फोन ठेवला. पुन्हा काही आला नाही.

बाई खाली मान घालून हळूच म्हणाल्या, "पण ते डॉक्टर रोज विचारायचे हो, जेवलात का म्हणून."

आता मामा फसवणुकीवर तासभर बोलतील असं आत बसलेल्या मामीला वाटलं. मामा म्हणाले, "बाई, लय उशीर झालाय. आज आमच्याकडंच जेवा." आणि स्वतः उठून पाट मांडले.

ही गोष्ट मामांनी कुणालाच सांगितली नाही. स्वतःच्या प्रत्येक पावतीचा गल्लीभर गजर करणारा माणूस, पण याबद्दल एक शब्द नाही. मामीलाही बोलू दिलं नाही. मला सांगितली ती बाईंनीच, मामा गेल्यानंतर, त्यांच्या तेराव्याला. मी म्हणालो, तुमचे पैसे वाचले हे बरं झालं.

"पैशाचं काय रे," बाई म्हणाल्या. "त्या दिवसानंतर रस्त्यात किती येळा भेटले. पण 'कशा फसत होता' अशा नजरेनं एकदाबी बघितलं न्हाई त्यांनी मला."

मग डोळ्यांना पदर लावून त्या पंगतीत वाढायला उठल्या.