चौथ्या लॉटच्या दहा गोळ्या

आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या मामांच्या नाकातून चहा आला होता आणि बोलणी मी खाल्ली होती. तशी बोलणी मी बऱ्याचदा विनाकारण खातो. पण या खेपेला चूक माझीच होती, पुरती माझी. फार तर थोडी एका चटईची.

आमचे बाबा भोपाळच्या कारखान्यात टेक्निशियन, त्यामुळे आम्ही टाउनशिपमध्ये राहायचो. मी नववीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं म्हणा हवं तर. गोविंदपुऱ्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहायचो आणि रविवारी टाउनशिपच्या रायफल क्लबमध्ये जायचो. मला चार माणसांत बोलता येत नाही, आणि नेमबाजी हा एकच खेळ असा आहे की त्यात तोंड उघडलं तर लोक रागावतात. माझ्यासाठीच काढलेला खेळ!

आमच्या क्लबात पॉइंट टू-टूच्या रायफली होत्या. हिचं काडतूस बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. पिन त्याच्या बुडाच्या मध्यावर नाही, कडेवर आपटते, कारण पेटणारा मसाला त्या कडेत भरलेला असतो. दिसायला खेळणं. पण नखरे विचारू नका. एकाच कंपनीची गोळी, एकाच रंगाचा डबा, फक्त डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे बनवल्याच्या खेपेचा आकडा, वेगळा, की एका रायफलीला ती मानवते आणि दुसरीला अजिबात चालत नाही. पत्रिका जुळवण्यासारखंच असतं ते. छत्तीस गुण जुळले तरी पुढे काय होईल, ते लग्न लावल्यावरच कळतं.

हे सगळं मला शिकवलं सूबेदारजींनी. आमचे कोच. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा कडक, बोलणं मोजकं. ते म्हणायचे, "राइफल से पूछो बेटा, उसे क्या हजम होता है." वेगवान गोळीचा त्यांना मनापासून तिटकारा. "तेज़ गोली घबराए हुए दूल्हे जैसी होती है. पहुँचती जल्दी है, कहाँ पहुँचेगी, भगवान जाने."

तर झालं असं, की दुसऱ्या एका टाउनशिपशी आमची स्पर्धा ठरली. संघात चार जण. तिघं पक्के होते. चौथी जागा माझी होणार, असं सूबेदारजी सूचकपणे म्हणाले होते. म्हणजे ते माझ्याकडे बघून एकदा खोकले होते. मला तेवढं पुरलं. त्या जागेसाठी मी काय नाही केलं? लेथवर उभा असतानासुद्धा श्वास रोखायचा सराव करायचो. मालकानं एकदा पाणी आणून दिलं, त्याला वाटलं मला भोवळ येतेय.

त्याच सुमारास क्लबाची वर्षभराची काडतुसं मागवायची वेळ आली. नमुन्याला चार लॉटचे चार डबे आले. आणि नेमके सूबेदारजी पुतणीच्या लग्नाला गावी निघाले. जाताना चारही डबे माझ्या हातात ठेवून म्हणाले, तू तपासून ठेव, जो लॉट सगळ्यात चांगला तोच मागवायला सांग.

आता सांगा, नववीतून घरी बसलेल्या माणसावर कुणी एवढा विश्वास टाकला तर तो काय करेल? मी आदल्या दिवशी दाढीसुद्धा केली.

रविवारी सकाळी तीन नंबरच्या जागेवर चटई टाकली. पन्नास मीटरवर टार्गेटचा कागद लावला, मध्ये काळा गोळा असलेला. शेजारी स्टँडवर दुर्बीण, माझ्या कागदावर रोखलेली. पद्धत अशी, की लॉट बदलला की आधी थोड्या गोळ्या टार्गेटच्या मागच्या मातीच्या बांधावर झाडायच्या, म्हणजे नळीला नव्या गोळीच्या मेणाची सवय होते. मग कोऱ्या कागदावर दहा गोळ्या. जिच्या दहा भोकांचा पुंजका सगळ्यात घट्ट, ती गोळी रायफलीला मानवली.

पहिल्या लॉटचा पुंजका लिंबाएवढा. दुसऱ्याचा जरा बरा. तिसऱ्याचा असा, की जणू कुणी कागदावर मोहरी उधळलीय. मग चौथा लॉट. नवा कागद लावून आलो, आडवा झालो, पहिली गोळी मारली. दुर्बिणीतून बघितलं, काळ्याच्या आत सुंदर भोक.

तेवढ्यात मागून आवाज आला, "भैया, ज़रा चटाई खिसकाना."

हे गुप्ताजी, क्लबाचे सेक्रेटरी. कारखान्यात ते पेंट शॉप सांभाळायचे. नेमबाजीपेक्षा स्पर्धेतली भाषणं त्यांना जास्त आवडायची. बरोबर देवधर साहेब होते. पुण्याहून बदली होऊन आलेले मोठे अधिकारी, बाबांच्या साहेबांचे साहेब. त्यांना एकदा रायफल चालवून बघायची होती. गुप्ताजींनी त्यांना माझ्या शेजारची चार नंबरची जागा दिली होती आणि साहेबांची देहयष्टी ऐसपैस असल्यामुळे त्यांना जास्त जागा हवी होती.

मी उठलो. नमस्कार केला. चटई ओढली. पुन्हा आडवा झालो आणि उरलेल्या नऊ गोळ्या मारल्या.

दर गोळीनंतर दुर्बिणीतून बघत होतो. तेच एक भोक. दुसरी गोळी, तेच भोक. तिसरी, तेच. पाचव्या गोळीला माझे हात थरथरायला हवे होते, पण मी इतका भारावलो होतो की हातसुद्धा हलेनात. दहा गोळ्या संपल्या. कागदावर एक भोक!

तुम्ही म्हणाल, दहा गोळ्या एकाच भोकातून कशा जातील? बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही तिथे नव्हता, आणि सूबेदारजीही नव्हते. तिथे मी होतो. मी वहीत लिहिलं, "लॉट चौथा. दहा गोळ्या, एक भोक. अतिउत्तम." खाली दोन रेघा ओढल्या.

ही कमाल कुणाला दाखवावी म्हणून कागद घेऊन वळलो, तर माझ्याकडे बघायला कुणी मोकळंच नव्हतं. सगळा क्लब देवधर साहेबांच्या भोवती. साहेबांच्या कागदावर एक भोक दूर कोपऱ्यात आणि नऊ भोकं काळ्यात, एकमेकांना चिकटून. पहिल्यांदा रायफल हातात घेतलेल्या माणसाची! गुप्ताजींचा आवाज भरून आला होता. ते सगळ्यांना समजावून सांगत होते, की पहिली गोळी अंदाज घेण्यात गेली, मग साहेबांनी रायफल ओळखली. साहेब नुसते घाम पुसत होते. मला वाटलं, काय हा विनय.

संध्याकाळपर्यंत टाउनशिपभर झालं. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले. गुप्ताजींनी माझ्या वहीवरून चौथ्या लॉटचे डबे मागवले. आणि तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर संघाची यादी लागली. चौथं नाव, देवधर साहेब. राखीव, मी.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मनाशी म्हटलं, गड्या, देणगी असते एकेकाची. यादीशेजारी साहेबांचा कागद टाचला होता. गर्दी नव्हती म्हणून पहिल्यांदाच जवळ जाऊन बघितला.

आणि नाक कागदाला टेकेपर्यंत वाकलो.

कसं सांगू? प्रत्येक नेमबाजाचा पुंजका त्याच्या अक्षरासारखा असतो. माझा नेहमी जरासा डावीकडे आणि खाली, अंड्याच्या आकाराचा. सूबेदारजी त्यावरून मला रोज बोलायचे. तेच अंडं साहेबांच्या कागदावर होतं. दुसऱ्याच्या वहीत आपलं अक्षर दिसावं तसं.

मी धावत रेंजवर गेलो. चटई रविवारी ओढली होती तशीच पडलेली. तिरकी! तीन नंबरवर पडलेली, पण तोंड चार नंबरकडे. रायफलीच्या साइटमधून फक्त काळा गोळा दिसतो, आणि काळे गोळे सगळे सारखेच. मी नऊच्या नऊ गोळ्या साहेबांच्या कागदावर मारल्या होत्या आणि दुर्बिणीतून आपला स्वतःच्या कागदावरचं ते एकुलतं एक भोक बघत बसलो होतो. साहेबांची स्वतःची एकच गोळी कागदाला लागली होती. ती कोपऱ्यातली. उरलेल्या नऊ बांधात. एक आणि नऊ दहा. हिशेब इतका चोख जमला होता की ब्रह्मदेवालाही शंका आली नसती.

आता करायचं काय? बोललो तर लोक म्हणणार, जागा गेली म्हणून पोरगं जळतंय. आणि साहेबांची फजिती होणार ती वेगळीच. नाही बोललो तर साहेब स्पर्धेत सगळ्यांसमोर बांधावर गोळ्या मारणार. घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "गप्प बस. माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे." आईनं पोळी उलटली आणि म्हणाली, "तू उद्या जाऊन सांगून ये. त्या बिचाऱ्यांचं तरी हसं व्हायचं वाचेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. आणि समोर दिवाणखान्याच्या भिंतीवर, सोनेरी फ्रेममध्ये, माझं अंडं! आज सकाळीच बिट्टन मार्केटमधून फ्रेम करून आणलीय, दुपारच्या भिशीला सगळ्या बायकांनी बघितलीय, असं काकूंनी कौतुकानं सांगितलं. मी वाटेत चौदा वेळा पाठ केलेली वाक्यं तिथेच विसरलो.

साहेब मागच्या बागेत झाडांना पाणी घालत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला, आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि माझ्या आधी तेच बोलले.

"विलास, तू शेजारी होतास ना? खरं सांग, मी ते कसं केलं?"

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "साहेब, तुम्ही नाही केलं. माझी चटई तिरकी होती."

मग जे सुचेल ते, उलटसुलट, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर वर बघायची हिंमत होईना. मग साहेब तिथल्या उलट्या कुंडीवर मटकन बसले आणि दोन्ही हात जोडले. मला नाही, आकाशाला.

"सुटलो रे बाबा," ते म्हणाले. "चार दिवस झोप नाही. अरे, मी दहाही गोळ्या दोन्ही डोळे मिटून मारल्या होत्या!"

आवाजाच्या भीतीनं डोळे आपोआप मिटत होते म्हणे. कागदावर नऊ भोकं बघून सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला होता. गुप्ताजी रोज सरावाला बोलवत आणि हे रोज सर्दी, मीटिंग, कंबर अशी कारणं देत. आता कारणंच संपत आली होती. त्यांनी तिथूनच गुप्ताजींना फोन केला, कंबर फारच धरलीय, माझ्या जागी त्या विलासला घ्या. फोन ठेवला आणि आम्ही दोघं नुसते हसत सुटलो. माझ्या अंगावरून रायफलींनी भरलेलं कपाट उचलावं तसं वाटलं. जाताना साहेब मात्र हळूच म्हणाले, "ती फ्रेम तेवढी राहू दे रे. तिला काही सांगू नकोस."

माझं काय जातंय? माझी जागा मला मिळाली होती.

पण सूबेदारजी परत आले. त्यांनी माझी वही वाचली. "अतिउत्तम"खालच्या दोन रेघा वाचल्या. एका भोकाचा कागद उजेडात धरला, मग माझ्याकडे तसेच बघत राहिले. मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "चार लॉट जाँचे. एक चटाई नहीं जाँची."

मग त्यांच्या लक्षात आलं, की चौथ्या लॉटचे डबे येऊन पडलेत. अजून सील फोडलेलं नाही, परत करता येतील, पण उद्यापर्यंतच. आणि त्या लॉटची खरी परीक्षा कुठे आहे? काकूंच्या भिंतीवर.

तर आम्ही दोघं साहेबांच्या दिवाणखान्यात. साहेब सोफ्यावर अवघडून बसलेले. काकू चहा घेऊन आल्या. सूबेदारजी फ्रेमसमोर ताठ उभे राहिले, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि काचेवर त्या पुंजक्यावर ठेवलं. नऊच्या नऊ भोकं नाण्याखाली झाकली गेली. मिशीच्या आत कुठेतरी हसू हललं.

"लॉट सही है," ते म्हणाले.

मी सुटकेचा असा श्वास सोडला की चहावरची साय हलली. गोळी मी बरोबरच निवडली होती! कारण चुकलं, कागद चुकला, दिशा चुकली, पण गोळी बरोबर.

काकूंना वाटलं, फौजेतला माणूस मुद्दाम यांचं कौतुक करायला आलाय. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी बशीत आणखी एक चकली ठेवली, माझ्याकडे वळल्या आणि मायेनं म्हणाल्या, "बघितलंस ना विलास? साहेबांसारखा मन लावून सराव कर. तुलाही येईल."

साहेबांनी डोळे मिटले. दोन्ही.

मी म्हणालो, "हो काकू, प्रयत्न करतो."

आणि खरं सांगतो, अजून करतोय. स्पर्धा झाली, पुढेही खूप गोळ्या मारल्या, त्याच लॉटच्या, त्याच रायफलीनं, चटई दोनदा सरळ करून. साहेबांच्या कागदावरचा तो पुंजका मला परत कधी जमला नाही.