गौरीने न चालवता दिलेलं "ठीक"

गौरी घरात बसून नेमकं काय करते, यावर चौलच्या आळीत एकमत नाही. बहुतेकांच्या मते ती परदेशातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. कुंपणापलीकडची मैना मात्र ठाम आहे: "काय करत नाय हो ती. सासूनं हाक मारली की टकटक सुरू करते, म्हणजे उठायला नको."

खरं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. जगभरातले दोन-तीनशे लोक मिळून एक डेटाबेस बांधतात, म्हणजे नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर. मालक कुणीच नाही. कुणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. दवाखाने वापरतात, ग्रंथालयं वापरतात. पण पाठवलेली दुरुस्ती तशीच आत जात नाही. दुसऱ्या कुणाला तरी ती तपासून "ठीक" म्हणावं लागतं. गौरी गेली दहा वर्षं हे "ठीक" म्हणते, आणि तिचं "ठीक" म्हणजे दगडावरची रेघ. कारण आपल्या मशीनवर स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती ते लिहीतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर तिला चावी द्यायची, म्हणजे कोड थेट आत घालायचा अधिकार द्यायचा, यावर त्या मंडळींचं मतदान चालू होतं. मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत. आणि त्याच शुक्रवारी दुपारी साडेचारला डेटाबेसची नवी आवृत्ती जगभर जाहीर व्हायची होती.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला लाईट गेली. यात नवल काही नाही. गौरीचा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण खोलीतला बारा वर्षांचा डेस्कटॉप धाडकन बंद पडला. त्यावर नवी आवृत्ती रात्रंदिवस नोंदी लिहीत होती. लाईट आली, गौरीने मोजलं, पुन्हा मोजलं. "लिहिली" असं सांगून झालेल्या तीनशे बारा नोंदी गायब.

डेटाबेसमध्ये याहून मोठं पाप नाही. मंदावलं तर लोक शिव्या देतात, पण "जपून ठेवलंय" म्हणून सांगायचं आणि हरवायचं, म्हणजे विश्वासघात.

तिने ताबडतोब लिहिलं: आवृत्ती थांबवा. ती जाहीर करायची जबाबदारी पोर्तुगालमधल्या एका बाईंकडे होती. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी शेजारच्या रेवदंड्यात तटबंदी बांधली, त्यांच्याच मुलखातल्या, स्वभावही तटबंदीचाच. उत्तर आलं: एकोणीस मशीनवर सगळं बरोबर चाललंय, तुझी डिस्क जुनी आहे, कदाचित तीच दगा देत असेल. पुन्हा घडवून दाखव, म्हणजे दुसऱ्यालाही घडवता येईल. साडेचारपर्यंत.

गौरीने कोड उघडला आणि पाचव्या मिनिटाला संशयाची ओळ सापडली. सापडली म्हणजे, नव्हती. डेटाबेस नवी फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, डिस्कवर पक्की करतो आणि मग तिचं बारसं करतो, म्हणजे खरं नाव देतो. नाव बदललं हेही डिस्कवर वेगळं पक्कं करावं लागतं, नाहीतर वीज गेली की त्या नावाची फाईल सापडतच नाही आणि तिच्यातल्या नोंदी गेल्या. ते करणारी ओळ गेल्या महिन्यात कुणीतरी "जादाची" म्हणून काढली होती. बदल हितेशचा, उरणचा. मिठागरवाल्यांच्या घरातला हुशार इंजिनिअर, ही त्याची तिसरीच दुरुस्ती. आणि खाली तपासणाऱ्याचं नाव: गौरी. "ठीक."

तिला तो दिवस लख्ख आठवला. दोन महिन्यांनी एकदाचा धर्माजी नारळ उतरवायला उगवला होता. वर धर्माजी, खाली मोजायला गौरी, हातात फोन. हितेशने लिहिलं होतं, शंभरदा मध्येच बंद पाडून बघितलंय. दोन माडांच्या मधे तिने वाचलं, पटलं, आणि अंगठ्याने "ठीक" टाकलं. दहा वर्षांत एकदाच!

तिने हितेशला फोन लावला.

"बंद पाडून बघितलंस म्हणजे नक्की काय केलंस रे?"

"मॅडम, प्रोग्राम मारला ना. शंभर वेला मारला. एक नोंद पन न्हाय गेली."

"प्रोग्राम मारलास. मशीन जिवंतच होती?"

"हो... मशीन कशाला मरेल?" तो थबकला. प्रोग्राम मेला तरी मशीनच्या डोक्यात नाव शिल्लक असतं, ती सावकाश डिस्कवर लिहिते. वीज गेली तर डोकंच रिकामं. "मॅडम, आमच्या हपीसला लाईट जातच न्हाय ओ."

"आमच्याकडे जाते," गौरी म्हणाली.

पण त्या दिवशी नेमकी गेली नाही. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाईट सरकारी जावयासारखी ठाण मांडून बसली. तेव्हा वीज आपल्या हातानेच तोडायची. पंचाईत अशी की डेस्कटॉपची वायर भिंतीतून पलीकडे स्वयंपाकघरात गेलेली. पडद्याकडे नजर ठेवणार ती बटणापाशी कशी उभी राहणार? नवरा, माधव, शाळेत शिकवायला गेलेला. घरात उरल्या सासूबाई.

"आई, मी 'आता' म्हटलं की डेस्कटॉपची वीज तोडायची."

अनुसूयाबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "चालू मशीनची? दहा वर्षं तूच ओरडतेस ना, हात लावू नका म्हणून?"

"आज लावा."

नव्या फाईलचं बारसं झालं की पडद्यावर एक ओळ उमटायची. त्या क्षणी गौरी ओरडायची, पलीकडे वीज तुटायची, मग पुन्हा सगळं सुरू करून नोंदी मोजायच्या. एका खेपेला दहा मिनिटं. पहिल्या खेपेला सगळ्या नोंदी जागेवर. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही. बारा वाजले, एक वाजला. पोर्तुगालहून विचारणा: काही मिळालं? अडीचपर्यंत चौदा खेपा झाल्या आणि एक नोंद हलायला तयार नाही. डेस्कटॉप सुरू होताना दम्याच्या रोग्यासारखा घरघरायला लागला. डिस्क खरंच सडकी असेल तर? मतदानाच्या दिवशी साऱ्या जगापुढे लांडगा आला रे म्हणून ओरडणारी बाई, अशी शोभा व्हायची. आणि डिस्क चांगली असेल, तर दोन तासांनी ही खोटी आवृत्ती दवाखान्यांत पोचणार.

पंधराव्या खेपेला गौरी "आता!" म्हणून ओरडली आणि काय सुचलं कोण जाणे, स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात धावली.

अनुसूयाबाई ओट्यापाशी हात पदराला पुसत होत्या. एक पुसला, दुसरा पुसला. मग सपाता पायांत सरकवल्या, कारण विजेला अनवाणी शिवायचं नसतं. "बल्लाळेश्वरा," म्हणाल्या, आणि बटण खाली केलं.

"आई!"

"काय गं? तोडली की."

"प्रत्येक वेळी असंच?"

"मग? ओल्या हाताने शॉक खाऊ?"

गौरीने कपाळाला हात लावला. मशीन दर पाच सेकंदांनी डोक्यातलं आपणहून डिस्कवर उतरवते. सासूबाईंची तयारी आठ सेकंदांची. नाव प्रत्येक वेळी पक्कं होऊन जायचं, मगच वीज तुटायची. एका पिढीच्या सावधपणाने चौदा वेळा चूक झाकली होती.

"सपाता घालूनच उभ्या राहा. हात आधीच कोरडे. बोट बटणावर. देवाचं नाव आत्ताच घ्या."

"पातेल्यातलं दूध?"

"उतू जाऊ दे."

सोळावी खेप. पडद्यावर ओळ उमटली. "आता!" खट्. डेस्कटॉप घरघरत उठला. गौरीने मोजलं. दोनशे सत्त्याण्णव नोंदी नाहीत. सतरावी खेप: चारशे चार नाहीत. साडेतीन वाजले होते.

पुरावा मिळाला, आता पत्र. हितेशचा फोन आलाच.

"मॅडम, मतदान चालू हाय. माझंच नाव लिवा. चूक माझीच हाय ना."

गौरीने क्षणभर विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. केला. चांगला मिनिटभर केला. मग लिहिलं: "ही ओळ काढायला 'ठीक' मी म्हटलं होतं. चालवून न पाहता म्हटलं होतं." खाली दोन्ही खेपांचे आकडे, आणि दुसऱ्याला जमेल अशी कृती: प्रोग्राम मारू नका, वीज तोडा, पाच सेकंदांच्या आत. चार वाजून चार मिनिटांनी पाठवलं.

मग पंधरा मिनिटं काहीच नाही. अनुसूयाबाई बोट बटणावर ठेवून तशाच उभ्या. "अजून तोडायचीये का?"

"नाही आई. आता दुसऱ्या कुणीतरी तोडायची."

चार वाजून एकवीस मिनिटांनी पोलंडमधल्या कुणा अनोळखी माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं: इथेही गेल्या, एकशे नव्वद. पाठोपाठ पोर्तुगालच्या बाईंचं: थांबवली.

संध्याकाळी मतदानाचा निकाल लागला. चावी मिळायला तीन मतं कमी पडली. विरोधातल्या तिघांनीही आधी तिचे आभार मानले होते; नंतर लिहिलं होतं, न चालवता "ठीक" म्हणणाऱ्याला यंदा नको.

"म्हणजे घरभर धावलीस, मला आठ तास बटणाशी उभं केलंस, आणि हाती काय?" अनुसूयाबाई कडाडल्या. आठ नव्हते, पाचसुद्धा नव्हते. पण गौरीने दुरुस्त केलं नाही. "आणि त्यांचं बरोबर म्हणतेस वर?"

"बरोबरच आहे."

सात वाजता हितेशची नवी दुरुस्ती आली. काढलेली ओळ परत घातलेली, बाकी काही नाही. खाली लिहिलेलं: एकच ओळ हाय मॅडम, ठीक म्हना ना, सगळे थांबलेत.

गौरीने वाचली. ओळ बरोबर होती, जागा बरोबर होती, डोळे मिटून सांगावं इतकी. तिने उत्तर लिहिलं, "अजून चालवलेली नाही," आणि डेस्कटॉप सुरू करायला उठली.