झाडाखालचे पाच खोके

गाव सोडलं त्या सकाळी आईने एसटीच्या खिडकीतून स्टीलचा डबा आत सरकवला. आत तांदळाचे घावणे होते, वर केळीचं पान. मी बावीस वर्षांची, मांडीवर बॅग, नजर पुढच्या रस्त्यावर. विक्रोळीला मामाच्या खोलीत राहायचं आणि दुकानात नोकरी करायची, एवढंच ठरलं होतं. मी जाऊ नये असं आईला वाटत होतं. तसं ती बोलली नाही, पण आठ दिवस माझ्याशी भांडी आदळूनच बोलत होती. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "रिकाम्या हातान इलंस तरी चलात, पण ये." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मी घावणे एकमेकांना चिकटतील का, याचा विचार करत होते.

पुढच्या महिन्यात मामा गावी निघाला, तेव्हा तो डबा घासूनपुसून त्याच्याबरोबर परत पाठवला. दोन दिवसांनी आईचा फोन. "रिकामो डबो धाडू नये गो." आमच्याकडे तशी रीतच आहे. शेजारणीची वाटी परत करायची झाली तरी त्यात चार आमसुलं टाकायची, काही नसलं तर चिमूटभर साखर. गावाकडे राहिलेल्यांना हे सांगायला नको. माझ्यासारखे निघून आला असाल, तर तुम्हाला कदाचित आठवण करून द्यावी लागेल. मला तर महिन्याभरात विसर पडला होता. आईचं ते वाक्य मला फार लागलं. ती डब्याबद्दल बोलतच नाही, माझ्या जाण्याबद्दल बोलतेय, असं मी मनाशी धरून बसले.

मुलुंडच्या एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात मला नोकरी लागली आणि पहिल्याच डिसेंबरात गिफ्ट पॅकिंगच्या काउंटरवर उभं केलं. तेव्हापासून दर नाताळात मी तिथेच. आमचं खरं काम कागद लावणं नाही. लोक घरबसल्या मोबाइलवर सगळं मागवतात, तरी त्यांनी दुकानात यावं आणि आल्यावर त्यांना मजा यावी, हे आमचं काम. त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं. दारात दालचिनीचा वास सोडायचा. गाणी वाजवायची, पण शेजारच्या माणसाशी बोलता येईल इतपतच. कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी सोफा ठेवायचा, आणि तो झाडाजवळ ठेवायचा, म्हणजे फोटोत ते हसतमुख येतात. आणि काउंटरवर वस्तू हातात घेतली की आधी विचारायचं, "कोणासाठी आहे?" हा प्रश्न म्हणजे जादू आहे. रांगेत धुसफुसणारी बाईसुद्धा उत्तर देताना निवळते. सासूसाठी घेतलेलं असलं तरी.

मला विचाराल तर सकाळी अकराला या, भरल्या पोटी या, कोणाला काय द्यायचं त्याचे दोन-तीन पर्याय मनात ठेवून या आणि एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. हात लावून बघा, वास घ्या, उलटसुलट करा. मोबाइलवर हे होत नाही. इतकं मी दुसऱ्यांना सांगत आले.

स्वतः मात्र आईसाठीचं गिफ्ट दर वर्षी सुट्टीच्या पंधरा मिनिटांत घ्यायचे. हाताला येईल ते. पण पॅकिंग असं करायचे की दुकानातल्या बायकांनी वळून बघावं. कोपरे धारदार, चिकटपट्टी कुठे दिसायची नाही, वर साटिनची रिबन. मामा जत्रेला गावी जायचा, तो घेऊन जायचा. असे पाच डिसेंबर पाच खोके गेले. आता रिकामं काही पाठवत नाही, हे आईला दाखवायचं होतं. त्यात प्रेम किती आणि तोरा किती, ते आता वेगळं करता येत नाही.

मे महिन्यात मी दोन-तीन दिवसांसाठी गावी जायचे. निघताना, रिक्षा दारात हॉर्न वाजवत असताना, आई दर वेळी म्हणायची, "कपाटातलो तुझो खोको घेवन जा." पहिल्यांदा मी जाऊन पाहिलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा खोका जसाच्या तसा, रिबनसकट. म्हणजे तिने उघडलासुद्धा नव्हता आणि आता परत नेऊन टाक म्हणत होती. मी म्हटलं, "तुला दिलाय, तूच ठेव." तिने कपाट लावलं. पुढच्या वर्षी तेच. मग मी कप्प्याकडे बघायचंही सोडलं. आईने मला माफ केलेलं नाही आणि माझ्या हातचं तिला काही नको आहे, असं मी धरून चालले. या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत.

या वर्षी फाल्गुनात आई गेली. मला रडू आलं नाही. तेरा दिवस लोक येत होते, मी चहा करत होते. घरी दादा-वहिनी असायचे; तिथल्या स्वयंपाकघरात एक निळा फ्लास्क होता, त्यात चहा भरून ठेवायचे. छान आहे म्हटलं, दादाने घेतला असेल. चौदाव्या दिवशी वहिनीने कपाट आवरलं आणि पाचही खोके माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "तुझ्याशिवाय कोणाक देवू नको म्हणी होती." मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, घट्ट गाठ मारली, विक्रोळीला आणले आणि माळ्यावर टाकले. आत काय होतं ते मला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्नही केला नाही. त्यानंतरचे महिने कसे गेले विचाराल, तर गेले. कामावर जात होते, हसायचं तिथे हसत होते, कोणाच्या लक्षात काही आलं नाही. माझ्याही नाही.

डिसेंबर आला. दुकान उघडण्याआधी सकाळी आम्ही झाड सजवत होतो. झाडाखाली खोटी गिफ्टं ठेवतात, रिकाम्या खोक्यांना कागद लावून. त्यातले काही गोदामात भिजून वाया गेले होते. आमची सुपरवायझर लॉर्ना गोराईची. ती म्हणाली, "आणखी पाच-सहा मिळाले ना, तर झकास दिसेल बघ." दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पिशवी तशीच उचलून नेली. पाचही खोके झाडाखाली मांडले. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढायला लागले. एका बाईने तर विचारलं, हे असं पॅकिंग मिळेल का? मी म्हटलं, मिळेल ना. कोणासाठी आहे?

तिसऱ्या सकाळी लॉर्नाची हाक आली. "अगं इकडे ये, वाट लागली! मुंग्या!" सोफ्याखालून झाडापर्यंत सरळ काळी रांग लागली होती आणि ती माझ्या खोक्यांत शिरत होती. लॉर्ना खोका उचलून उलटा करत म्हणाली, "काय भरलंयस यार यात? रिकामे ठेवायचे असतात!"

आणि मी पहिल्यांदा त्या खोक्याची खालची बाजू पाहिली. माझी चिकटपट्टी तिथे नव्हती. कागदाच्या घड्या जागच्या जागी होत्या, पण त्या भाताच्या खळीने चिकटवलेल्या होत्या. खळ वाळून पिवळी पडली होती आणि तिच्यावर बोटाचा ठसा होता. दहा पावलांवरून कोणाचं पॅकिंग ते ओळखणारी मी. पण हे खोके मी कधी उलटे करून पाहिलेच नव्हते.

तिथेच फरशीवर बसून मी ते उघडले. एकात फणसपोळी, एकात जत्रेतलं खाजं, एकात काजूगर. एकात आमसुलं, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेली. सगळं जुनं, काही दगडासारखं झालेलं. शेवटचा खोका गेल्या वर्षीचा. तेव्हा आई अंथरुणावरून फारशी उठत नव्हती. त्यात मूठभर तांदूळ होते.

मी दादाला फोन लावला. मी भरलेल्या वस्तू गेल्या कुठे, आणि तो निळा फ्लास्क कोणाचा, ते विचारलं. तो म्हणाला, "अगो, तूच धाडलेलंस मा! शेवटपर्यंत त्यातलोच चहा पी होती." शालही मी पाठवलेलीच पांघरायची. माझीच बॅटरी घेऊन गोठ्यात जायची. माझी प्रत्येक वस्तू वापरून तिने खोका पुन्हा भरला होता, माझ्याच घड्यांवर घड्या घालून. रिकामा परत देऊ नये म्हणून. आणि न्यायला सांगत होती, दर वर्षी, रिक्षेचा हॉर्न वाजत असताना. मी तिला एकदाही विचारलं नाही की आई, का नेऊ?

लॉर्ना माझ्याकडे बघत उभी होती. "आईचे आहेत," एवढंच मी म्हटलं. तिने झाडू आणला आणि मुंग्या स्वतः झाडल्या. मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. दुकान उघडलं, दालचिनीचा वास सुटला, मी काउंटरवर गेले. दिवसभर पॅकिंग केलं. घरी जाऊन ते मूठभर तांदूळ माझ्या तांदळात मिसळून भात लावला आणि जेवले. वाईट वाटत होतं, पण ते शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावं तसं, भिंतीपलीकडून.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीच्या तासभर आधी गेले, भरल्या पोटी, गिऱ्हाईक म्हणून. सगळं दुकान फिरले. वस्तू उचलल्या, उलट्या करून पाहिल्या, वास घेतला. लोकरीचे मोजे गालाला लावून बघितले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्या दुकानात बरं वाटलं. मोजे आणि त्या पाचांतला एक रिकामा खोका काउंटरवर ठेवला. लॉर्ना होती. तिने सवयीने विचारलं, "कोणासाठी आहे?"

"आईसाठी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आणि तिथेच, काउंटरला धरून, मी एवढ्या महिन्यांचं रडले. रांगेतल्या बायका बघत होत्या. लॉर्नाने खालच्या खणातून सगळ्यात भारी कागद काढला.

तो खोका घेऊन मी जानेवारीत गावी जाणार आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवीन. घर म्हणजे काय असं आता कोणी विचारलं तर मला तेवढा कप्पाच आठवतो. तिथे कोणी वाट बघत नाही, तरी मी काहीतरी नेणारच. रिकाम्या हाताने गेले असते तरी चाललं असतं, हे आईने मला पहिल्याच दिवशी, एसटीच्या खिडकीशी सांगितलेलं होतं.