माती चोळलेला लसूण

लसणाच्या शेडमधले सगळे तिला वहिनीच म्हणायचे, कारण मालक तिचा सख्खा दीर. टेकडीच्या लसणाला 'इथलाच' म्हणून उगमाचा सरकारी शिक्का मिळाला, तेव्हापासून जाळीच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवायचं काम तिच्याकडे होतं. सुरुवातीला ती ते मिरवायचीसुद्धा. परगावच्या दुकानात आपल्या टेकडीचं नाव दिसलं की तिचा ऊर भरून यायचा.

एका सकाळी तिची धाकटी बहीण पोतं घेऊन आली. तिचं शेत ओढ्यापलीकडे. बियाणं टेकडीचंच, ऊन-पाणीही तेच. दिराने पोत्याचं तोंडसुद्धा उघडून पाहिलं नाही.

"शिक्क्याची हद्द ओढ्यापर्यंतच, ताई. नियम म्हणजे नियम. उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

धाकटी पोतं उचलून परतली.

त्याच दुपारी मागच्या दाराला ट्रक लागला. कुठल्या मुलखातला लसूण होता देव जाणे! ओलसर, पांढराफटक, मधूनमधून बुरशी धरलेला. दिराने टेकडीची तांबडी माती घमेल्यात कालवली आणि बायकांना म्हणाला, "चोळा."

वहिनीच्या बोटांना बुळबुळीत पाकळ्या लागल्या. कुजका दर्प घशात जाऊन बसला.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"अहो, माती तर आपलीच आहे ना!" तो हसला. बायकाही फिदीफिदी हसल्या. लसणापेक्षा त्या हसण्याचीच तिला जास्त किळस आली.

हात धुऊन ती तडक घरी आली. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि वर तिलाच सुनावलं, "घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस."

मग ती उत्पादक संघाच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांनी मान डोलावली, चहा पाजला आणि निघताना कौतुकाने एक शिक्क्याची पिशवी हातात ठेवली. जाळीतून तांबडा भुगा तिच्या तळव्यावर गळला. पिशवी टेबलावर आदळून ती बाहेर पडली.

शेड अजूनही जोरात चालते. वहिनी आता धाकटीबरोबर बाजारात पोतं पसरून बसते.

"टेकडीचा आहे का?" गिऱ्हाईक विचारतं.

"ओढ्यापलीकडचा."

बरेच जण तोंड वाकडं करून पुढे जातात. नवरा मात्र अधूनमधून भावाकडून पिशवी आणतोच. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.

"तुमचं तुम्ही शिजवा," म्हणते, "आणि भांडीही तुम्हीच घासा."