आक्कांचा हातगुण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आन् त्याला तर मी दुधात पाणी किती घातलं तेपण सांगते. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका.

आमच्या पेडगावच्या घरी मालकांगणीच्या दोन वेली होत्या. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, आक्कांनी लावलेल्या. एक दारातल्या मांडवावर, एक न्हाणीच्या भिंतीवर. मांडवावरची दिवाळीच्या सुमारास पिवळ्या बोंडांनी लगडायची. बोंडं तडकली की आतलं तांबडं दिसायचं. आक्का बियांचं तेल काढून गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना द्यायच्या. न्हाणीवरची मात्र नुसतीच वाढायची. फळ म्हणून नाही.

आक्कांचा हातगुण लय चांगला, असं सगळे म्हणायचे. कुणाला दोडका लावायचा असो की कारलं — बी आक्कांच्याच हातानं पडायचं. बायका बोलवायला यायच्या. मला कोण बोलावणार? माझी वांग्याची रोपंसुद्धा माना टाकायची. एकदा चार बायकांत आक्का हसत म्हणाल्या, "आमच्या धाकटीच्या हातानं कोरफडबी वाळती बघा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आतून जळाले हो मी. एवढ्याशा थट्टेनं? हो, एवढ्याशाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का शेतात गेल्यावर मी विळा घेतला आन् न्हाणीवरची वेल बुडातून कापली. फळ ना काही, वर माझ्या वाळवणावर कचरा — कामाची काय ती? कापलेल्या जागेवर माती ओढली. वेल सुकायला लागली तेव्हा म्हणाले, "वाळवी लागली, आक्का." त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर त्या कायमच ठेवायच्या.

आन् पुढच्या दिवाळीला मांडवावरची वेल फळलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आक्कांनी शेणखत घातलं, ताक ओतलं, बुडाशी बसून तिच्याशी बोलल्या. मग गल्लीत कुणीतरी म्हणालं, आक्कांचा हात उतरला. बोलावणी थांबली. एक जण तरीही भोपळ्याचं बी घेऊन आली, तर आक्काच म्हणाल्या, "न्हाई बाई, माझ्या हातानं नको."

मला तेव्हा काय माहीत होतं? काहीच नाही. पण नंतर झालं ना! परभणीला शेतीच्या प्रदर्शनात रोपं विकणाऱ्याला मी सहज विचारलं. तो म्हणाला, "ताई, मालकांगणीत नर वेगळा, मादी वेगळी. नराची वेल जवळ पाहिजे. तुमची कुठाय?"

आमची न्हाणीवर होती — मी विळा लावेपर्यंत.

त्या दिवशी तरी बोलायचं! घरी आले तर आक्का दारातच शेंगा सोलत बसल्या होत्या. मी आत गेले आन् चहा ठेवला.

पुढं त्या पिंगळीला लेकीकडे गेल्या. अंगण आता लय मोठं वाटतं. मी झाडायला लागले की त्या मागून ओरडायच्या, "वेलीच्या बुडाला झाडू लावू नको गं!" अजून तिथं आले की माझा हात थांबतो. वाटतं, आता ओरडतील. एकदा ओरडा हो, आक्का.

परभणीच्या त्याच रोपं विकणाऱ्याकडून मी नराची वेल आणली. गोठ्याच्या मागं लावली, कुणाला दिसणार नाही अशी. तीन पावसाळे गेले. यंदा मांडव पिवळा झाला.

दिवाळीला आक्का आल्या. मांडवाखाली उभ्या राहिल्या. बोंडाला लावायला हात वर केला — आन् मागं घेऊन पदरात गुंडाळला.

"बघ," म्हणाल्या, "मी गेले आन् फळली. माझाच हात वाईट होता. तुझा हात लागला वाटतं हिला? लय चांगलं झालं गं." मनापासून म्हणाल्या हो, अगदी हसून.

मी "हो" म्हणाले.