विहिणीची पंगत आणि गोल टेबल

आमच्या ह्यांची सुरुवात नाशिकच्या कोर्टातली. वकिलीत ह्यांनी कधी म्हणून चूक कबूल केली नाही. मग राजकारणात पडले, मंत्री झाले. तिथे चुकलं की ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’. पुढे परदेशात भांडणाऱ्या देशांना एका टेबलाशी बसवायचं काम मिळालं. तिथे ‘तीव्र खेद’. घरी एकदा वरण करपवलं, तर आम्हालाही खेदच मिळाला!

आता निवृत्त होऊन इंदिरानगरला घरी असतात. गेल्या हिवाळ्यात धाकटीचं लग्न झालं. विहीणबाई ओझरच्या, बोलायला मोकळ्या, पण मानपानाला पक्क्या. मी म्हटलं, “विहिणीची पंगत मी बघते.” तर हे म्हणाले, “माणसं बसवण्यात माझा जन्म गेला. तू दागिने सांभाळ.” कर्म माझं, मी ऐकलं!

कार्यालयात जाऊन बघते तर मधोमध भलंमोठं गोल टेबल! ना चांदीचं ताट, ना पाट, ना रांगोळीची महिरप. “गोल टेबलाला वरचा-खालचा कोणी नसतो,” हे खुशीत सांगायला लागले. अहो, विहीण वरची हे दाखवायलाच तर ती पंगत असते!

विहीणबाई उठल्या आणि वरपक्षाच्या खोलीत जाऊन बसल्या. “भूक नाही,” एवढंच. लेकीचा चेहरा उतरला. थोड्या वेळात तिची पाठवणी, आणि पहिल्याच दिवशी सासूच्या मनात अढी.

ह्यांनी आधी एक मध्यस्थ पाठवला, मग दुसरा. दोघंही हात हलवत परत. मग म्हणे, “दोन्ही बाजूंना चालेल असा मसुदा करतो.”

“मसुदा घाला चुलीत! लेक जायचीय तुमची त्या घरात!”

हे उठले. आचाऱ्याकडून जिलबीचं ताट घेतलं आणि थेट खोलीत गेले. मी मागोमाग. विहीणबाईंसमोर वाकून म्हणाले, “चुकलं माझं.”

माझा कानांवर विश्वास बसेना. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “असू द्या हो. पण आधी पाट मांडा, मग जेवते.”

पोटभर जेवल्या, सुनेला स्वतःच्या हाताने घास भरवला आणि घेऊन गेल्या. गाडी वळली आणि मला रडू फुटलं.

“अगं, ओझर काय लांब आहे?” हे म्हणाले.

“ओझरचं नाही हो! एवढा संसार केला, तो शब्द मला कधी मिळाला नाही. आणि विहिणीला पहिल्याच दिवशी?”

ह्यांनी आत जाऊन पाट मांडला, मला बसवलं, उरलेली जिलबी वाढली आणि समोर मांडी घालून बसले.

“कुठल्या चुकीपासून सुरुवात करू?”

“वरणापासून,” मी म्हटलं.